कात्रीने आखूड होणारा फ्रॉक

मुलीचा नवा फ्रॉक गुडघ्याखाली चार बोटं उतरत असेल तर काय करायचं, हे आपल्याकडे कुणालाही विचारा. खालची दुमड मोठी घ्या, हाताने शिवा, पुढच्या वर्षी उसवून परत लांब करा. १९६६-६७ साली अमेरिकेतल्या दुकानांत प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी घालून जे कागदी फ्रॉक मिळत, त्यांना यातलं काही लागत नसे. मुलीला स्टुलावर उभं करायचं, पेन्सिलीने खूण करायची आणि कात्री चालवायची. कड दुमडायची नाही, शिवायचीही नाही. कापलेल्या काठातून एकही दशी सुटत नसे, कारण तिथे विणकामच नव्हतं. आत जे थोडे धागे होते, ते दोन्ही बाजूंनी कागदात चिकटून बसलेले.

ही सोय खरी होती. पण पुढच्या वर्षी? आखूड केलेला कागदी फ्रॉक लांब करायला दुमडीत काही राखलेलंच नसायचं. अर्थात पुढच्या वर्षापर्यंत तो टिकावा, अशी बनवणाऱ्यांचीही अपेक्षा नव्हती. तीन-चारदा घाला, फाटला तर आतून चिकटपट्टी लावा, मळला की टाकून द्या, असा त्यांचा हिशोब.

या कपड्यांच्या गोष्टी बहुधा बायकांच्या पार्टी ड्रेसपुरत्या सांगितल्या जातात. पण फेकून देण्याजोग्या कपड्यासाठी खरं गिऱ्हाईक कोणतं असेल, तर ते लहान मूल. मोठ्या माणसाचा कपडा विरतो, विटतो, मग टाकला जातो. मुलाचा कपडा धडधाकट असतानाच अपुरा पडतो. जन्मताना पन्नास सेंटिमीटर असलेलं बाळ वर्षात पंचाहत्तरच्या आसपास जातं, वजन जवळजवळ तिप्पट होतं. या वाढीवर आपल्याकडचं उत्तर म्हणजे आजीच्या जुन्या लुगड्याची झबली आणि दुपटी: शंभर धुण्यांनी मऊ झालेलं कापड, पुढे धाकट्याला, शेवटी फडक्याला. अमेरिकेने साठच्या दशकात याच प्रश्नाचं नेमकं उलटं उत्तर काढलं, आणि ते का फसलं याची कारणं थेट त्या कागदाच्या घडणीत सापडतात.

पहिल्यांदा हे स्पष्ट करायला हवं की तो वहीचा कागद नव्हता. टिश्यूसारखा मऊ, चुण्या पाडलेला लाकडाच्या लगद्याचा कागद वर आणि खाली, आणि मध्ये नायलॉन किंवा रेयॉनच्या धाग्यांची विरळ जाळी. हे सगळे थर गोंदाने एकजीव केलेले. किम्बर्ली-क्लार्क कंपनीच्या ‘केसेल’ या मालात ९३ टक्के सेल्युलोज आणि ७ टक्के नायलॉन असे. स्कॉट पेपर कंपनीच्या ‘ड्युरा-वीव्ह’मध्ये रेयॉनची जाळी होती आणि त्याचं पेटंट १९५८ सालचं. हा माल फॅशनसाठी जन्मलाच नव्हता. इस्पितळातले अंगरखे, प्रयोगशाळेतले कोट, एकदा वापरून टाकायच्या चादरी ही त्याची मूळ कामं. किम्बर्ली-क्लार्कला लगद्यापासून शोषून घेणारे मऊ थर करायची सवय पहिल्या महायुद्धापासूनची, जखमेवरच्या पट्ट्यांमुळे लागलेली.

मग एप्रिल १९६६ मध्ये स्कॉटने आपल्या रंगीत नॅपकिन आणि इतर कागदी मालाच्या जाहिरातीसाठी ‘पेपर केपर’ नावाचा ड्रेस काढला. सव्वा डॉलर पाठवला की ड्रेस घरपोच, सोबत सवलतीची कुपनं. नक्षी दोनच: एक लाल, बांधणीच्या रुमालासारखी, दुसरी काळ्या-पांढऱ्या चौकटींची. वर्ष संपेपर्यंत सुमारे पाच लाख ड्रेस गेले. स्कॉटला कपड्यांचा धंदा करायचा नव्हता, त्यांनी हात आवरला. तो धंदा उचलला नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिल गावच्या मार्स या मोजे बनवणाऱ्या कंपनीने. ‘वेस्ट बास्केट बुटीक’ असं नाव देऊन त्यांनी केसेलचे साधे ड्रेस १ डॉलर २९ सेंटला विकले. कचऱ्याच्या टोपलीचं नाव दुकानाला देणं आज खटकतं, तेव्हा तीच मालाची शेखी होती. पांढरा कोरा ड्रेस आणि सोबत जलरंगांची पेटी, असाही एक प्रकार निघाला. मुलांच्या हाती द्यायला याहून चांगला कागदी कपडा नसेल! हॉलमार्क कंपनीने तर पार्टीच्या कागदी बशा, पेले, नॅपकिन आणि यजमानीणबाईंचा ड्रेस सगळं एकाच नक्षीत काढलं. बाजारात याच लाटेबरोबर मुलींचे फ्रॉक, एप्रन, लाळेरी आली.

हे फ्रॉक कसे बेतत, ते पाहिलं की मालाचा स्वभाव कळतो. पुढचा एक भाग, मागचा एक भाग, दोन्ही वरून अरुंद आणि खाली पसरत गेलेले. बाह्या नाहीत, कंबर नाही, कॉलर नाही. खांद्यावर दोन आणि बाजूंना दोन अशा चारच टिपा. त्या काळी सरळ, बिनकंबरेचे ड्रेस फॅशनमध्ये होते हे कागदाचं नशीब, कारण कंबर घातलेला, बाही बसवलेला, चुण्यांचा फ्रॉक या मालात निभलाच नसता. बाही बसवताना शिंपी मुंढ्याची गोलाई किंचित ओढून, किंचित सैल सोडून जुळवतो. कापड ते सहन करतं, कागद करत नाही.

टिपेचीही तीच गत. कापडात सुई शिरते तेव्हा धागे बाजूला सरकतात आणि पुन्हा जवळ येतात. कागदात सुई भोक पाडते आणि ते भोक कायमचं. बारीक टाका घातला तर शिवण मजबूत होण्याऐवजी पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी होते, ओढली की त्याच रेषेवर सरळ फाटते. म्हणून टाका लांब, सुई बारीक, आणि जिथे ताण येतो तिथे खालून पट्टी. बटणासाठी काज नको, कारण काज म्हणजे ताणाच्याच जागी चीर. बंद, चिकटणारी फीत किंवा नुसता डोक्यातून जाईल एवढा गळा, हे बरं. मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, त्यामुळे गळा मोठा ठेवावा लागतो आणि मग खांदा घसरतो. कापडी फ्रॉकला पाठीवर चीर आणि एक टिचबटण लावून हे सुटतं. कागदात ती चीर जिथे संपते तिथूनच फाटायला सुरुवात होते.

आतल्या जाळीचं काम इथे दिसतं. फाट सुरू झाली की ती पुढच्या धाग्यापाशी अडते. जाळी दाट असेल तर फाट लहान राहते, पण कपडा ताठ आणि महाग होतो. जाळी विरळ ठेवली तर कपडा मऊ आणि स्वस्त, पण मुंढ्यापाशी बोटभर फाट एका दुपारीत हातभर होते. ७ टक्के नायलॉन ही या दोन टोकांमधली तडजोड होती, आणि ती उभ्याने गप्पा मारणाऱ्या मोठ्या माणसाला धरून केलेली होती. मूल उभं राहत नाही. ते उकिडवं बसतं, रांगतं, दोन्ही हात वर करून उचलून घ्या म्हणतं.

घरातला एखादा सुती रुमाल घ्या आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात, म्हणजे उरेबात, ओढा. तो लांबतो, सोडला की बराचसा मागे येतो. धागे एकमेकांवर तिरके होतात, तुटत नाहीत. अंगावरचं कापड कोपरावर, काखेत, मांडीपाशी हेच करत असतं. आता तसाच कागदी नॅपकिन तिरका ओढा. तो लांबत नाही, टरकतो, कारण त्यातले तंतू जागच्या जागी डकवलेले आहेत. कागदावर चुण्या पाडल्या की थोडी लवचिकता येते, पण एकाच दिशेने. मूल मात्र सगळ्या दिशांनी वाकतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. कागदातले तंतू एकमेकांना धरून असतात ते मुख्यतः हायड्रोजन बंधांनी, आणि पाणी नेमकं तिथेच शिरतं. साधा कागद पूर्ण भिजला की त्याची ताकद दहा टक्क्यांच्याही खाली येते. म्हणून लगद्यात मेलामाइन किंवा युरिया फॉर्माल्डिहाइडसारखं राळद्रव्य घालत. भिजल्यावर १५ टक्क्यांहून जास्त ताकद टिकली की त्या कागदाला ओला टिकणारा कागद म्हणायचं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणजे चांगल्या कागदालाही ओल्यात १०० पैकी जवळजवळ ८५ गमवायला मुभा! मोठ्यांच्या पार्टीत हे चालून जाई. मुलाच्या अंगावर घाम, लाळ, सरबत, हात पुसणं आणि शू यांतलं काहीतरी अर्ध्या तासात असतंच. शिवाय छपाईचा रंग ओल्यात सुटे, गळ्याला आणि खाली बसलेल्या सोफ्याला लागे.

पण या सगळ्यावर काही ना काही इलाज होता. ज्यावर नव्हता ती आग, आणि तिच्याकडे त्या काळच्या उत्साहात जेवढं लक्ष द्यायला हवं होतं तेवढं दिलं गेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

पातळ, सच्छिद्र, दोन्ही बाजूंनी हवा लागणारा आणि खाली घेर असलेला कागदी फ्रॉक म्हणजे धुराड्याचा आकार. खालच्या काठाला ज्योत लागली तर ती आतून वर चढते. यावर उपाय म्हणून कागदात ज्वालारोधक क्षार मुरवत. टाकणखार आणि बोरिक आम्ल ७ ला ३ या प्रमाणात पाण्यात विरघळवून कापूस-कागदाला द्यायचं, ही यातली जुनी, सर्वांना माहीत असलेली कृती. अमोनियाचे क्षारही वापरतात. तापल्यावर ते लगद्याला ज्वाला न धरता कोळसा व्हायला लावतात. काम चोख करतात, पण पाण्यात विरघळतात. कॅम्पबेल सूप कंपनीने डब्यांची चित्रं छापून जो ‘सूपर ड्रेस’ काढला, त्याच्या चिठ्ठीवरच सूचना होती की हा कपडा आगीला दाद देत नाही, पण धुतला नाही तोवरच. चुरगळला तर कोमट इस्त्री फिरवा, एवढीच मोकळीक. आता हे मुलाच्या कपड्याला लावून पाहा. मूल सरबत सांडणार, आई ओल्या फडक्याने पुसणार, आणि पुसलेली जागाच उघडी पडणार. बाहेरून काही दिसणारही नाही.

ब्रिटनमध्ये मुलींच्या झोपायच्या झग्यांना आग लागून होणाऱ्या अपघातांमुळे १९६४ सालीच त्या कपड्यांसाठी खास नियम आले होते. अमेरिकेत ज्वलनशील कापडांचा कायदा १९५३ चा, तो १९६७ मध्ये कडक केला. पुढे १९७१ मध्ये मुलांच्या रात्रीच्या कपड्यांसाठी मानक आलं, त्यात ज्वालारोधक गुण ५० धुण्यांनंतरही टिकला पाहिजे अशी अट होती. पन्नास! कागदी फ्रॉकचा तो गुण पहिल्याच धुण्यात वाहून जात होता. मानक रात्रीच्या कपड्यांचं होतं, पार्टीच्या फ्रॉकचं नव्हे, हे खरं. पण मुलांच्या पार्टीत मधोमध काय असतं? केकवर पेटवलेल्या मेणबत्त्या, आणि त्यांच्यावर फुंकर मारायला ओणवं झालेलं मूल.

१९६८-६९ पर्यंत लाट ओसरली. आगीची भीती, रंग लागणं, अंगाला टोचणं, प्रत्येक हालचालीला होणारी सळसळ ही कारणं आहेतच. पण त्याहून साधं एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. कागदी कपड्याचं वचन होतं की धुवायला नको. त्याच दहा वर्षांत अमेरिकन घरांत धुण्याचं यंत्र आणि टेरिलिनच्या जातीचं, न इस्त्रीचं कापड दोन्ही पोचलं. ज्या कष्टातून कागद सोडवणार होता, ते कष्ट दुसऱ्याच वाटेने हलके झाले.

एका ठिकाणी मात्र ते झाले नाहीत, आणि तिथे कागद जिंकला. लंगोट धुणं यंत्रावरही नकोसंच काम. ब्रिटनमध्ये व्हॅलरी हंटर गॉर्डन यांनी १९४७ च्या सुमारास पॅराशूटच्या नायलॉनची चड्डी शिवून तिच्यात लगद्याची टाकाऊ घडी बसवली, तेच पुढे ‘पॅडी’. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन यांनी १९४६ मध्ये न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावरचं गळू न देणारं आवरण केलं. पॅम्पर्स १९६१ मध्ये इलिनॉयच्या पिओरिया गावात चाचणीला आले तेव्हा नग दहा सेंटला होता आणि लोकांनी तो महाग म्हणून नाकारला. सहा सेंटपर्यंत खाली आणल्यावर चालला. पॅडी आणि पॅम्पर्स या दोन्हींत कागदाला काय करायला सांगितलंय ते बघा: आत पडून राहायचं आणि पाणी प्यायचं. ताण घ्यायचा नाही, शिवण धरायची नाही, दिसायचं नाही. ताण बाहेरचं आवरण घेतं, ओल कागद घेतो. फ्रॉकमध्ये हीच वाटणी उलटी झाली होती.

कागद अंगावर टिकतच नाही, असं मात्र कुणी समजू नये. जपानमध्ये ‘कामिको’ नावाचे कागदी अंगरखे शेकडो वर्षं वापरात आहेत, नाराच्या तोदाइ-जी मंदिरातले भिक्षू वार्षिक व्रताच्या वेळी अजून ते घालतात. फरक तंतूचा. ‘कोझो’ या तुतीच्या जातीच्या झुडपाच्या सालीचा तंतू साधारण दहा मिलिमीटर, अमेरिकन टिश्यूतल्या पाइनच्या लाकडाचा तीन मिलिमीटर. लांब तंतू एकमेकांत दूरवर गुंततात. वर कोन्याकू या कंदाची खळ देऊन तो कागद हाताने मळतात, चुरगळतात, परत सरळ करतात, इतका की त्याला कापडाचा पोत येतो. एका अंगरख्यामागे इतके श्रम असले की तो टाकायचा विचार कुणी करत नाही. स्वस्त, टाकाऊ आणि टिकाऊ यांतलं तिसरं हवं असेल तर पहिली दोन सोडावी लागतात.

अमेरिकेतला माल परत इस्पितळात गेला आणि हळूहळू त्यातला कागद कमी होऊन प्लॅस्टिकचा तंतू वाढला. कोविडच्या काळात आपण पाहिलेले ते निळे-पांढरे अंगरखे याच घराण्यातले, फक्त बहुतेक पॉलिप्रॉपिलिनचे. किराणा दुकानात ‘कापडी’ म्हणून मिळणारी, हात लावला की किंचित खरखरीत लागणारी पिशवीही तीच. महाराष्ट्राने २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत या न विणलेल्या पॉलिप्रॉपिलिनच्या पिशव्यांचंही नाव घातलं, ते बरोबरच होतं. ओळखायचं असेल तर नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून, बेसिनवर, ज्योतीला लावावा. सेल्युलोज असेल तर जळक्या कागदाचा वास येऊन राख उरते, पॉलिप्रॉपिलिन असेल तर आक्रसून, वितळून कडक मणी होतो.

टाकाऊ कागदी कपड्याचा एक प्रकार मात्र आपल्या शाळांत अजून चालतो: स्नेहसंमेलनाचा क्रेपचा फ्रॉक. परी, फुलपाखरू, कमळ. मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिसन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत क्रेप खपवण्यासाठी मुलांच्या पोशाखांच्या पुस्तिका काढल्या होत्या, आणि त्यांतलं मुख्य तत्त्व आजही तेच: कागद कागदाला शिवू नका, खाली कापड घ्या.

पाच-सहा वर्षांच्या मुलीसाठी जुना, फिट्ट न होणारा, पाठीवर उघडणारा सुती पेटीकोट घ्या, खालचा घेर ८०-९० सेंटिमीटर असलेला. क्रेपचा दोन मीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद एक ताव स्कर्टला पुरतो. कागदाच्या सुरकुत्या रुंदीच्या बाजूने असतात आणि तो ताणला जातो लांबीच्या बाजूने, हे आधी हाताने तपासा. लांबीत कापून १५ सेंटिमीटरच्या तीन पट्ट्या काढा. उरलेली ५ सेंटिमीटरची पट्टी गळ्याला. असं कापलं म्हणजे सुरकुत्या अंगावर उभ्या येतात आणि झालर ओघळत नाही. उलटं कापलं तर अर्ध्या तासात ती स्वतःच्या वजनाने लांबून लोंबायला लागते. हीच चूक सर्वांत जास्त होते.

प्रत्येक पट्टीच्या वरच्या काठाला हाताने मोठा धावदोरा घालून ती साधारण निम्मी करा. मशिनवर सर्वांत लांब टाका लावा, चार-पाच मिलिमीटरचा, आणि खालची झालर आधी शिवा. वरची तिच्यावर तीन सेंटिमीटर चढवायची, तिसरी दुसरीवर. तिन्ही मिळून ३९ सेंटिमीटर होतात. सुरुवात आणि शेवट पाठीच्या चिरेशीच करा, नाहीतर चीर शिवली जाते आणि फ्रॉक डोक्यातून घालताना फाटतो. शिवून झाल्यावर खालचा काठ दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच उलट दिशांना ओढा, बोटभर सोडून परत ओढा. काठ नागमोडी होऊन पाकळीसारखा उभा राहतो. हे शेवटीच करायचं, आधी केलं तर मशिनच्या पायाखाली काठ चेपून जातो.

क्रेपचा रंग घामाने सुटतो, म्हणून काखेत आणि गळ्याशी कागद त्वचेला लागू देऊ नका, पेटीकोटाचा काठ बोटभर बाहेर ठेवा. ज्वालारोधक पाणी फवारायच्या भानगडीत पडू नका, रंगही जाईल आणि भरवसाही नाही. समई, निरांजन, फुलबाजी आणि तापलेले दिवे यांच्यापासून ते मूल पूर्ण लांब ठेवणं एवढाच खरा उपाय आहे, आणि दीपप्रज्वलनाच्या रांगेत क्रेपच्या फ्रॉकातल्या मुलीला उभं करू नये. कार्यक्रमाच्या व्यवस्थेतल्या एकाने तरी यावर मुद्दाम लक्ष ठेवावं.

नाच संपला की पाठीच्या चिरेशी टिपेचं टोक शोधा आणि दोरा ओढा. टाके लांब असल्याने तो सरकत जातो, झालरी एकामागून एक गळून येतात. पेटीकोटावर गुलाबी डाग राहिला असेल तर तो रात्रभर गार पाण्यात वेगळा भिजवा, बाकीच्या धुण्यात टाकू नका.